हिंदूरावांच्या टेकडीवर गारवा

दिल्लीत 'हिंदूराव' म्हटलं, की रिक्षावाला थेट रुग्णालयाच्या फाटकाशी नेतो. हे हिंदूराव कागलचे घाटगे, बायजाबाई शिंद्यांचे सख्खे बंधू! १८३५ साली विल्यम फ्रेझरचा खून झाला आणि पुढे त्याची टेकडीवरची कोठी यांच्याकडे आली. जवळच फिरोजशहा तुघलकाने मेरठहून आणवलेला अशोकस्तंभ, आणि आवारात त्याच काळातली बारव. बारवेत पायऱ्या उतराव्यात तसा गारवा वाढतो. थंड हवा जड, ती तळाशी साचते.

हल्ली सहलीला मोटारीत छोटा फ्रिज असतो, त्यातही हेच घडतं. तळाची बाटली गोठते नि वरचं ताक कोमट राहतं. त्यातून डबे ठासून भरले, की हवा फिरायला जागाच उरत नाही. तेव्हा जिन्नस घरूनच गार करून न्या, कडेने बोटभर जागा सोडा, अधूनमधून वरचं खाली करा.

बरोबर कुणाचं इन्सुलिन असेल, तर मात्र फार जपा. न उघडलेल्या बाटलीला २ ते ८ अंश लागतात. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला ठीक वाटलं, तरी ते वापरायचं नाही. बाटली तळाला वा भिंतीला टेकवू नका. डब्यात घालून मधोमध ठेवा आणि शेजारी साधा थर्मामीटर. झाकणावरचा आकडा पेटीतल्या एकाच जागेचा असतो.

टेकडीवर सकाळीच जा. दुपारी उन्हातल्या गाडीत फ्रिजही दमतो!