दुसरी बॅटरी

दहावीचा शेवटचा पेपर देऊन बाहेर पडलो त्या दिवशी मी भौतिकशास्त्राला साष्टांग नमस्कार घातला. व्होल्ट, अँपिअर, वॅट ही मंडळी पुन्हा भेटायची नाहीत, अशी माझी समजूत होती. पण 2024च्या आषाढी वारीत वाल्ह्याच्या मुक्कामी त्यांनी मला गाठलेच.

आमच्या दिंडीचा टेम्पो आबा चालवतात. वारीच्या दिवसांत तो टेम्पो म्हणजे दिंडीचे चालते घर. शिधा, पातेली, राहुट्या, म्हाताऱ्यांची औषधे, कीर्तनाचा ध्वनिक्षेपक, सारे त्याच्या पोटात. दिव्यांची व्यवस्था त्या वर्षी माझ्याकडे होती. मी गाडीच्याच बॅटरीला तारा जोडल्या, दिवे लावले, वीस मोबाइल चार्जिंगला लावले आणि खुशाल झोपलो. पहाटे आबांनी किल्ली फिरवली. 'टक्' असा एकच आवाज झाला. बॅटरी पार उतरली होती. दिंडी नीरेच्या वाटेला लागली आणि मागे भरला टेम्पो ढकलायला आम्ही दोघे! एका ट्रकवाल्याने आपल्या बॅटरीवरून गाडी सुरू करून दिली तोवर ऊन चढले होते. नीरेला पोचलो तर पंगतीची वेळ टळलेली, माणसे उपाशी बसलेली. आजी मला काही बोलली नाही. आबाही बोलले नाहीत, आणि तेच जड गेले.

पुढच्या वारीआधी दुसरी बॅटरी घ्यायचे ठरले. आबांच्या मनात स्वस्तातली जुनी ट्रकची बॅटरी होती. मी मात्र चार दुकाने पालथी घातली, तेव्हा कळले की बॅटऱ्यांचीही कुळे असतात. गाडी सुरू करणारीच्या प्लेटा पातळ. ती क्षणभर प्रचंड जोर लावते आणि मग विश्रांती मागते. तिला रोज रिकामी केली तर लवकरच मान टाकते. इन्व्हर्टरची ट्यूब्युलर रिकामी होणे सोसते, पण वजन पन्नास किलोंच्या पुढे, पोटात पातळ आम्ल, आणि चार्ज होताना वायू सोडणार. पिठाच्या पोत्यांशेजारी, दिवे घाटाच्या वळणांवर ती नको वाटली. लिथियमची हलकी आणि गुणी, पण दिंडीच्या फंडाला न झेपणारी. शेवटी खोलवर रिकामी होणे सोसणारी, सीलबंद, 100 अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी पसंत केली. आबा म्हणाले, "एवढ्या पैशात दोन ट्रकच्या येतील." मी म्हणालो, "आबा, त्या दोन्ही वर्षात मरतील."

मग हिशेब मांडला. नऊ वॅटचे सहा दिवे पाच तास, म्हणजे 270 वॅट-तास. ध्वनिक्षेपक चाळीस वॅटचा, तीन तास, 120. वीस मोबाइल, प्रत्येकी पंधरा, 300. बेरीज 690, भागिले 12 व्होल्ट, म्हणजे सुमारे 58 अँपिअर-तास. शिशाची बॅटरी टिकवायची तर निम्म्याखाली उतरवू नये. म्हणजे हाताशी पन्नासच. दिवे कमी करता येईनात, कीर्तन तर नाहीच नाही. मोबाइल दहावर आणले.

खरी अडचण भरण्याची निघाली. टेम्पो दिवसाला वीस-बावीस किलोमीटर जाणार. तेवढ्यात अल्टरनेटर तिला भरणार कशी? टपावर सौर पट्टी बसवावी, तर आषाढातले आभाळ! मग एक चार्जर घेतला; दुपारच्या पंगतीच्या यजमानांकडे प्लग मागायचा. दोन्ही बॅटऱ्यांच्या मध्ये रिले बसवला. इंजिन चालू असेपर्यंत तो दोघींना जोडतो, बंद होताच तोडतो. प्रत्येकीच्या लगत फ्यूजही टाकला.

2025 साली पुन्हा वाल्हे आले. मी वहीत दहा नावे लिहिली. अकरावी आजी, तिचा जुना बटणांचा फोन हातात. मी वहीकडे पाहू लागलो तशी ती म्हणाली, "राहू दे बाळा, मला कुणाला फोन करायचाय?" आणि फोन कमरेला खोचून भजनाला गेली.

पहाटे मी आबांच्या आधी उठून टेम्पोपाशी जाऊन उभा राहिलो. आबांनी किल्ली फिरवली. इंजिन एका दमात लागले. आबांनी माझ्याकडे पाहिले आणि आपल्या हातातला चहाचा पेला मला दिला.