दहा बाय बाराची खोली

पुतण्याचे स्पीकर पुण्याहून कांद्याच्या रिकाम्या पिकअपमधून आले. मार्केटला माल उतरवून गाडी आमच्या गावाकडं, निमगाव साव्याला, परतत होती. मागं दोन उभी खोकी गोधड्यांत गुंडाळून दोरीनं बांधलेली. पुतण्याला कामानिमित्त परदेशी जायचं होतं. "काका, विकायच्या आधी पंधरा दिवस तुमच्याकडं ठेवा. आवडले तर अर्ध्या किमतीत घ्या," असं त्यानं फोनवर सांगितलं होतं. उंची ४२ इंच, प्रत्येकात साडेसहा इंचांचे दोन वूफर, मागं पोर्टचं भोक. बनावट इतकी सुरेख की गोधडी सोडल्यावर मी थोडा वेळ नुसता लाकडावरून हात फिरवत बसलो.

घरच्यांनी मात्र पहिल्यांदा मोजायचा टेप काढला. "अहो, हे उभं करायचं कुठं? माझी मशीन हलवू का बाळाचं टेबल?"

आमची बाहेरची खोली दहा फूट बाय बारा फूट. वर स्लॅब नऊ फुटांवर, खाली शहाबादी फरशी. दिवाण, शिलाई मशीन, नातवाचं अभ्यासाचं टेबल, लोखंडी कपाट आणि माझं रेकॉर्ड प्लेअरचं फडताळ, हे सगळं त्यातच. माझे जुने स्पीकर मी स्वतः केलेले, आठ इंची वूफरचे. अठरा मिलिमीटरच्या प्लायची खोकी, आतली जागा साधारण एक घनफूट. ॲम्प्लिफायरही हातचा, २ एन ३०५५ ट्रान्झिस्टरचा, चॅनलला पंचवीस वॅटचा. रेडिओ, टेप आणि ॲम्प दुरुस्त करण्यात माझी पस्तीस वर्षं गेली. ॲम्पमधल्या ४४४० च्या आयसीचे किती बोर्ड बदलले त्याची मोजदाद नाही. भजनी मंडळांची खोकी बांधली, लग्नाच्या मंडपांना माल बनवून दिला. दुसऱ्याला सल्ला देताना माझी जीभ कधी अडखळली नाही. स्वतःच्या घरचा निर्णय घ्यायला मात्र मला पंधरा दिवस लागले.

पहिल्या रात्री भीमसेन जोशींची 'अभंगवाणी' लावली. पखवाजाची धुमाळी सुरू झाली आणि घर भरून गेलं. नातू उड्या मारायला लागला. मलाही वाटलं, इतकी वर्षं आपण काय ऐकत होतो? दुसऱ्या रात्री एक जुनी ख्यालाची रेकॉर्ड लावली, विलंबित. तेव्हा कळलं की तंबोऱ्याची खर्जाची तार वाजली की कपाटाचं दार थरथरतंय आणि तो खर्ज पुढच्या सुराला चिकटून राहतोय. डग्ग्याची घुमारी एका जागी उभी राहत नव्हती, सगळ्या खोलीत नुसती पसरत होती. गवयाचा आवाज त्या पसाऱ्याच्या पलीकडून, ओल्या भिंतीआडून आल्यासारखा यायचा.

हा दोष स्पीकरचा नव्हता, खोलीचा होता. हे मी गिऱ्हाइकाला सांगतो तसंच इथं सांगतो. ध्वनी सेकंदाला साधारण ११२५ फूट जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींत ज्या लांबीची अर्धी लाट नेमकी बसते, तो सूर त्या खोलीचा स्वतःचा सूर होतो. बारा फुटांसाठी तो ४७ हर्ट्झचा, दहा फुटांसाठी ५६ चा, नऊ फुटांच्या स्लॅबसाठी ६२ चा. या सुरांना खोली मागाहून स्वतःची भर घालते आणि ते लवकर विरतही नाहीत. आता गाण्याकडं बघा. पुरुष गायक हार्मोनियमच्या काळी एकमध्ये गात असेल तर त्याचा मध्य षड्ज १३८ हर्ट्झच्या आसपास आणि तंबोऱ्याचा खर्ज त्याच्या निम्मा, म्हणजे ६९. आमच्या खोलीचे सूर आणि तंबोऱ्याचा खर्ज असे शेजारी शेजारी. मोठ्या खोक्यानं तळाचा आवाज आणखी खाली नेला आणि खोलीनं तो दुपटीनं वाढवून परत दिला.

मोबाइलवर एक-एक सूर वाजवून तपासलं. ४७ हर्ट्झ लावला आणि लांबीच्या दिशेनं चालत गेलो. खोलीच्या मध्यावर आवाज जवळजवळ नाहीसा, भिंतीपाशी कानठळ्या बसतील असा. आमचा दिवाण भिंतीला टेकलेला, म्हणजे आम्ही वर्षानुवर्षं खोलीतल्या सगळ्यात फुगलेल्या जागी बसत होतो. घरच्यांना दिवाणाच्या कडेवर दोन फूट पुढं बसवलं. म्हणाल्या, "आता गाणाऱ्याचे शब्द कळतात." यंत्रानं मोजायच्या आधी त्यांच्या कानानं मोजलं.

मोठे स्पीकर भिंतीपासून तीन फूट पुढं घेता आले असते तर गोष्ट निराळी झाली असती. पण दहा फुटांच्या खोलीत तीन फूट पुढं म्हणजे मशीन बाहेर आणि टेबल ओसरीत. पोर्टमध्ये पायमोजे कोंबून पाहिले, थोडा फरक पडला. गोधडी भिंतीवर टांगली. नातवाला आरसा भिंतीवरून सरकवायला लावला आणि बसल्या जागेवरून ज्या ठिकाणी आरशात स्पीकरचं तोंड दिसलं तिथंच ती लावली. त्यानं आवाजातला कडकपणा गेला, शब्द स्वच्छ झाले. पण खर्जाला गोधडी काय करणार? ५० हर्ट्झची लाट साडेबावीस फुटांची. ती शोषायला तिच्या पाव हिश्श्याइतकी, म्हणजे साडेपाच फूट जाडीची गोधडी लागेल.

एक उपाय शहरातल्या घरांपेक्षा आमच्याकडं सोपा असायला हवा होता. दार सताड उघडं ठेवलं की तळाचा आवाज बाहेर निघून जातो, खोली मोकळी होते. दुपारी ते करतोच. रात्री नाही करता येत. कुकडीच्या कालव्याचं पाणी आलं, उसाचे फड वाढले आणि उसात बिबटे राहायला लागले. अंधार पडला की दार लावून घ्यायचं, पोरं-कुत्री आत, ही आमच्या तालुक्याची रीत झाली आहे. आणि गाणं ऐकायला निवांत वेळ मिळतो तो रात्रीच.

रात्रीची आणखी एक गोष्ट आहे. नातू झोपलेला असतो, आवाज बारीक ठेवावा लागतो. आवाज बारीक केला की कानाला तळाचे सूर सगळ्यात आधी ऐकू येईनासे होतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. जुन्या ॲम्पवर 'लाउडनेस' नावाचं बटण असायचं ते याचसाठी. आवाज बारीक असताना ते तळाला उचलून धरतं. माझ्या ॲम्पवर ते आहे आणि कित्येक वर्षं बंदच होतं, कारण तरुणपणी कुणीतरी सांगितलं होतं की खऱ्या शौकिनानं ते दाबू नये. आता रात्री ते दाबलेलं असतं. ज्याला बारीक आवाजात खर्ज कमी वाटतो त्यानं मोठा स्पीकर शोधायच्या आधी हे करून पाहावं.

वॅटचंही तसंच. पुतण्या म्हणाला होता, या स्पीकरला शंभर वॅटचा ॲम्प हवा. पंचवीसचे शंभर केले तर मिळतात सहा डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहा लागतात. मी मल्टिमीटर एसीवर ठेवून स्पीकरच्या टोकांना लावला. आमच्या नेहमीच्या आवाजाला काटा दोन व्होल्टच्या आसपास. आठ ओहमच्या स्पीकरला दोन व्होल्ट म्हणजे अर्धा वॅट. तबल्याच्या थापेला त्याच्या कितीतरी पट लागतं हे धरलं तरी पंचवीस वॅट पुरून उरतात. जे कमी पडत होतं ते व्होल्टेज. संध्याकाळी विहिरींवरच्या मोटरी सुरू झाल्या की लाइन खाली बसते, ॲम्पमध्ये हम येतो आणि गाण्याचा जीव जातो. हे दुखणं स्पीकर बदलून बरं होणारं नाही.

लहान खोलीत चांगला आवाज हवा, ही अडचण फक्त आमची नाही. खोकी बांधणाऱ्याला एक नियम पाठ असावा लागतो, हॉफमन नावाच्या अभियंत्याच्या नावानं तो ओळखला जातो. लहान खोकं, खोल खर्ज आणि थोड्या वॅटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच एका वेळी मिळतात. १९५४ मध्ये अमेरिकेत एडगर विल्चर यांनी खोकं हवाबंद केलं. आतल्या कोंडलेल्या हवेलाच वूफरची स्प्रिंग केली आणि कपाटाएवढ्या खोक्याचा खर्ज फडताळावर मावणाऱ्या खोक्यातून काढला. त्यासाठी वॅट जास्त मोजावे लागले. बीबीसीला तर बाहेरगावच्या प्रक्षेपणाच्या गाडीत बसून आवाज तपासायचा होता. त्यांनी १९७० च्या दशकात एलएस ३/५ए नावाचा स्पीकर केला, उंची जेमतेम एक फूट. त्यात खोल खर्ज नाहीच. वरच्या खर्जाला थोडासा उठाव दिला आहे, म्हणजे कानाला भरल्यासारखं वाटतं. माणसाचा आवाज मात्र इतका खरा की तो स्पीकर आजही लोक जपून ठेवतात. गाडी लहान आहे हे आधी मान्य केलं आणि मग खोकं कागदावर काढलं, हे मला त्यातलं सगळ्यात मोठं शहाणपण वाटतं.

आमच्याकडंच, खोडदच्या परिसरात, याहून मोठं उदाहरण उभं आहे. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी तारांच्या दोरांवर जाळी ताणून हलकी आणि स्वस्त तबकडी कशी करायची ते दाखवलं. अठ्ठावीस फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथलं प्रदर्शन बघायला मी नातवाला नेतो. आमच्या धंद्यातल्या माणसाला तिथं गेल्यावर वेगळंच वाटतं. आम्ही आयुष्यभर सिग्नलमधला हम आणि खरखर काढतो, ती माणसं आकाशातून आलेली खरखरच वेचून घेतात. या दुर्बिणीचं नूतनीकरण झालं तेव्हा तबकड्या मोठ्या केल्या नाहीत, नव्या उभारल्या नाहीत. तबकडीच्या नाभीपाशी बसणारे रिसीव्हर आणि पुढची सगळी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बदलली. पूर्वी एका वेळी ३२ मेगाहर्ट्झची पट्टी घेता यायची, आता ४०० ची घेता येते. लोखंड तेच, जागा तीच. साखळीतला कुठला दुवा आखूड पडतोय ते आधी शोधलं.

मग मीही माझी साखळी तपासली. जुने स्पीकर उघडले. गेल्या दोन-तीन वर्षांत डावा स्पीकर मंद वाटायचा आणि मी ते त्याच्या वयावर ढकलत होतो. क्रॉसओव्हरमधला ट्विटरचा कॅपॅसिटर काढून मोजला. ४.७ मायक्रोफॅरडचा तो आटून तीनच्या खाली आलेला. त्यामुळं वूफर थांबतो तिथून ट्विटर सुरू होतो तिथवर मधे भगदाड पडलं होतं, आणि बायकांच्या आवाजातली नेमकी चमक त्या भगदाडात जात होती. दोन्हीकडं फिल्म कॅपॅसिटर घातले. ते पुण्याच्या तापकीर गल्लीतून आणले, खर्च तीनशे रुपयांच्या आत. सोल्डरिंग सगळं पुन्हा केलं. वूफरची कड कापडी आहे म्हणून टिकली. फोमची असती तर दहा-पंधरा वर्षांत भुगा झाला असता. मग सुई. हिऱ्याची सुई पाचशे ते हजार तास नीट चालते. माझी किती तास चालली याचा हिशेब मांडला आणि मला वाईट वाटलं, कारण झिजलेली सुई गाणं बिघडवते तशी रेकॉर्डही खाते. यातल्या काही रेकॉर्ड पुन्हा मिळणाऱ्या नाहीत. नवी सुई घेतली, स्टॅबिलायझर घेतला. एवढीच खरेदी.

शेवटी जागा. जुनी खोकी फडताळावरून उतरवून सुताराकडून करून घेतलेल्या दोन फुटी स्टँडवर ठेवली, कोपऱ्यापासून आणि मागच्या भिंतीपासून दीड-दीड फूट दूर. दिवाण भिंतीपासून पुढं घेतला, मागच्या फटीत धान्याच्या गोण्या उभ्या केल्या. मशीन जागेवर राहिली, टेबलही. तीच विलंबिताची रेकॉर्ड लावली. खर्जाची तार वाजली आणि वाजून थांबली. चारही तारा सुट्या सुट्या ऐकू आल्या आणि गवई दोन स्पीकरच्या बरोबर मधे, कपाटाच्या थोडा पुढं बसल्यासारखा. घरच्यांनी मशीनवरचा पाय थांबवला. रेकॉर्डची बाजू संपेपर्यंत त्यांनी शिलाई पुन्हा सुरू केली नाही.

चांगल्या वस्तूला नको म्हणणं मला जड गेलं. तशी खोकी मला बांधता येणार नाहीत, हे मी कारागीर म्हणून कबूल करतो. पण मोठी वस्तू लहान खोलीत कोंबली तर वस्तूचाही अपमान होतो आणि गाण्याचाही. ज्यांच्याकडं जागा आहे त्यांनी जरूर घ्यावी. ज्यांची खोली माझ्याएवढी आहे त्यांना माझं सांगणं एवढंच की पैसे देण्याआधी वस्तू घरी आणा, निदान आठ रात्री ऐका, आणि ज्या आवाजात रोज ऐकता त्याच आवाजात ऐका. दुकानातल्या मोठ्या दालनात ऐकून कधी ठरवू नका.

सोळाव्या दिवशी पुतण्याला फोन केला. तो नाराज झाला नाही. खोकी पुन्हा गोधड्यांत बांधून पिकअपनं नारायणगावला गेली. तिथल्या एका ओळखीच्या घरचा हॉल सोळा बाय बावीसचा आहे. तिथं ती भिंतीपासून तीन फूट पुढं उभी आहेत, मी स्वतः लावून आलो.