सगळ्यात स्वस्त पद्धत

परवा लेकीला शाळेतून प्रकल्प मिळाला. विषय : कारखान्यातलं सांडपाणी शुद्ध करण्याच्या पद्धतींची तुलना. "बाबा, तू तर हेच करायचास ना? मग सांग, सगळ्यात चांगली कुठली?"

झालं! पंधरा वर्षांपूर्वीची नोकरी डोळ्यांपुढे आली. कापड रंगवायच्या कारखान्यात मी ईटीपी सांभाळायचो. रिअ‍ॅक्टिव्ह रंग सगळाच्या सगळा सुतावर बसत नाही. उरलेला पाण्यात येतो, आणि तो बसावा म्हणून घातलेलं ढीगभर मीठही येतं.

तिला एकेक सांगत गेलो. चुना आणि फेरस सल्फेट घातलं की रंग गाळाबरोबर खाली बसतो. स्वस्त आहे, पण त्या गाळाचं करायचं काय? जिवाणूंच्या टाकीत हवा सोडली की बीओडी छान उतरतो, पण अ‍ॅझो रंग तिथे सहसा दाद देत नाहीत. बिनहवेच्या टाकीत ते तुटतात, पण मागे अ‍ॅरोमॅटिक अमाइन्स राहतात, म्हणून पुन्हा हवेची टाकी. ओझोन रंग उडवतो, वीज मात्र भरपूर खातो. आणि रंग गेला म्हणजे सीओडी गेला असं नाही.

मीठ यातल्या कशानेच जात नाही. त्याला आरओ लागतं. आरओ चांगलं पाणी परत देतं, पण सगळं मीठ उरलेल्या पाण्यात गोळा होतं. मग ते आटवा. तिरुपूरला नोय्यल नदीपायी मद्रास उच्च न्यायालयाने २०११ मध्ये रंगाईचे कारखाने बंद करायला लावले. तिथे हाच महागडा मार्ग धरावा लागला. शेवटी हातात काय, तर मिठाची पोती!

"म्हणजे घाण जात नाही, नुसती जागा बदलते?"

"जिवाणू खातात तेवढी खरी जाते. बाकीची बरीचशी जागाच बदलते."

तिने तक्ता केला. पद्धत, खर्च, फायदे, तोटे. मी शाबासकी दिली, पण रात्री झोप लागेना. एक पद्धत मी सांगितलीच नव्हती.

नमुना घ्यायला माणसं यायची, त्या दिवशी आमच्याकडे बोअरचा व्हॉल्व्ह उघडायचे. हिशोब सोपा. लिटरमागे ५०० मिलिग्रॅम सीओडी असलेल्या पाण्यात तेवढंच स्वच्छ पाणी मिसळलं की २५०. मर्यादाही २५०. रिपोर्ट पास! नदीत जायचं तेवढं जातंच, एक ग्रॅमही कमी होत नाही. वर बोअरचं चांगलं पाणी वाया.

तो व्हॉल्व्ह मी स्वतः दोनदा उघडला आहे. साहेबांनी सांगितलं होतं, हे खरं. पण हात माझा होता.

सकाळी चहा घेताना तिला सगळं सांगितलं. ती काही वेळ गप्पच होती. मग वही ओढून म्हणाली, "हे पण लिहू का?"

"लिही," म्हटलं.

खर्चाच्या रकान्यात तिने 'जवळजवळ शून्य' लिहिलं. फायद्याचा रकाना रिकामा सोडला.