शर्म अल् शेखचा एक दिवस

हुलसूरच्या माणसाला समुद्राचे अप्रूप असावे यात नवल नाही. आमचे पाणी म्हणजे मांजरा नदी आणि घरामागचा आड. तरीही आखातात नोकरीस असलेल्या भाच्याने तांबड्या समुद्रातील सात दिवसांच्या जलप्रवासाची तिकिटे काढली, तेव्हा मी प्रथम नकारच दिला. कारण समुद्र नव्हते. नाना आणि वहिनीही येणार होती.

नाना माझा धाकटा भाऊ. वडील 2009 साली वारले. 2005 च्या कायद्याने मुलींनाही वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हिस्सा मिळाला होता. परंतु बहिणीने हक्कसोडपत्र करून द्यावे, हीच आमच्याकडची रीत. नाना तयार कागद घेऊन आला आणि मी सही केली. त्याने विचारले असते तरी मी केलीच असती. विचारले नाही, एवढेच मनात राहिले. तेव्हापासून आमचे बोलणे सणावारापुरते.

चौथ्या दिवशी सकाळी जहाज शर्म अल् शेखच्या धक्क्याला लागले. सिनाई द्वीपकल्पाचे हे दक्षिणेकडचे टोक. जवळची तिरानची सामुद्रधुनी इजिप्तने अडविली आणि 1967 चे युद्ध पेटले. त्यानंतर इस्रायलच्या ताब्यात असलेला हा किनारा 1982 मध्ये इजिप्तला परत मिळाला. आता तिथे हॉटेलांची रांग आहे. मागे गवताचे पातेही नसलेले तपकिरी डोंगर, पुढे निळेशार पाणी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत हिरवळ, बोगनवेल, पोहण्याचे तलाव!

काचेच्या तळाच्या नावेतून आम्ही प्रवाळ पाहिले. जांभळी, पिवळी, शेंदरी झुडपे आणि त्यांतून फिरणारे चट्ट्यापट्ट्यांचे मासे. "अगंबाई, रुखवतच मांडलंय की!" वहिनी म्हणाल्या, आणि कितीतरी दिवसांनी आम्ही तिघे एकदम हसलो. तांबड्या समुद्राला बारमाही नदी एकही मिळत नाही, त्यामुळे गाळ येत नाही आणि पाणी असे नितळ राहते, असे भाच्याने सांगितले.

दुपारी तो वहिनींना बाजार दाखवायला घेऊन गेला. मी आणि नाना छत्रीखाली बसून राहिलो. समोर माळी रबरी नळीने हिरवळ भिजवीत होता. येथे पाऊस नावापुरताच. पिण्याचे पाणी समुद्राचे मीठ काढून करतात आणि सांडपाणी शुद्ध करून बागांना देतात. नाना बराच वेळ त्या नळीकडे पाहत होता. बिदरजवळ नौबादला बहमनी काळातला करेझ आहे, तोही मूळ इराणच्या कोरड्या मुलखातल्या विद्येचा. त्याची मला उगाच आठवण झाली.

"अक्का, आपल्या विहिरीला पाणी लागलं तेव्हा तू होतीस की."

होते. 1972 च्या दुष्काळात वडिलांनी ती खणली. मी चौदा वर्षांची, डोक्यावरून मुरमाच्या टोपल्या वाहत होते. नाना काठावर बसून मोजायचा. ओल दिसली त्या संध्याकाळी वडिलांनी पहिली ओंजळ मला दिली होती.

"कागदावर सही घेताना तेच डोळ्यांपुढे होतं," नाना म्हणाला. "विचारायचं धैर्य झालं नाही. तू नाही म्हणालीस तर, असं वाटलं."

मला राग यायला हवा होता. सोळा वर्षे मी तो सांभाळला होता. पण समोर सत्तरीकडे झुकलेला, वाळूत पाय खुपसून बसलेला हा माणूस मला काठावर टोपल्या मोजणाऱ्या पोरासारखाच दिसत होता. मी म्हणाले, "विचारायला हवं होतंस, नाना."

"हो."

माळी नळी गुंडाळून गेला. साडेपाचला जहाजावर परतायचे होते. वहिनी पिशव्या सावरीत येताना दिसल्या. उठता उठता मी विचारले, "पाणी किती आहे आता विहिरीला?"

"शेजाऱ्यांनी बोअर घेतल्यापासून आटत चाललीय. गाळही साचलाय," तो म्हणाला. "उन्हाळ्यात ये. दोघं मिळून उपसून घेऊ."

"टोपल्या तू वाहायच्या," मी म्हणाले. "या वेळी मी मोजीन."