विक्रमशिलेचा महोत्सव आणि आपली बंद अभ्यासिका

बोधगयेहून परतताना आम्ही वस्तीतले बारा जण वाट वाकडी करून बिहारच्या भागलपूर जिल्ह्यातल्या अंतीचक गावी गेलो. तिथे विक्रमशिला महोत्सव चालू होता. मोठा मंच, रोषणाई, गायक, पाहुण्यांचे सत्कार. आम्हीही बसलो, टाळ्या वाजवल्या. पण विक्रमशिलेत कोण शिकले, काय शिकवले गेले, याबद्दल त्या रात्री आमच्या कानावर एक शब्द पडला नाही.

सकाळी अवशेष पाहिले. पाल राजा धर्मपालाने उभारलेले हे महाविहार. मधोमध विटांचा स्तूप, भोवती चौरस विहार, प्रत्येक बाजूला ५२ अशा २०८ खोल्या. तिबेटी परंपरा सांगते की इथल्या दारांवर द्वारपंडित असत, वादविवादात मुरलेले विद्वान. दारावर भालदार नाही, प्रश्न विचारणारा माणूस! इथलेच आचार्य अतीश दीपंकर साठीच्या घरात असताना हिमालय ओलांडून १०४२ साली तिबेटात पोहोचले आणि १०५४ मध्ये तिथेच गेले. ज्ञान पोहोचवण्यासाठी म्हातारपणी घर सोडणारी ही माणसे. त्यांचा उत्सव नुसत्या गाण्यांनी कसा होईल?

बाबासाहेबांना हे नेमके उमगले होते. १९५० साली त्यांनी औरंगाबादला कॉलेज सुरू केले. पुढे त्याला मिलिंद राजाचे नाव मिळाले आणि परिसर नागसेनवन झाला. भिक्खू नागसेनाला प्रश्नांमागून प्रश्न विचारणारा राजा आणि न चिडता उत्तरे देणारा भिक्खू. आपल्या परंपरेचा खरा वारसा हा आहे.

परतीच्या गाडीत आम्ही सरकारी महोत्सवावर तावातावाने बोलत होतो. तेवढ्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी आमच्यातली एक मुलगी म्हणाली, "काका, आपली अभ्यासिका किती महिने बंद आहे?"

आम्ही गप्प झालो.

विजेचे बिल थकले म्हणून अभ्यासिकेला कुलूप होते. त्याच वर्षी जयंतीला डीजेसाठी आम्ही घरोघर फिरून वर्गणी गोळा केली होती. ती मुलगी घरातल्या एकाच खोलीत, टीव्हीच्या आवाजात अभ्यास करत होती. मग बिहारच्या मंचाला नावे ठेवायचा आम्हाला काय अधिकार?

जयंती जोरात व्हावी, हे आम्हालाही वाटते. ज्यांना शतकानुशतके रस्त्यावरून ताठ मानेने चालू दिले नाही, त्यांनी मिरवणूक काढणे हीसुद्धा एक लढाई आहे. पण मिरवणूक एका रात्रीत संपते. अभ्यासिकेतला दिवा रोज लागावा लागतो.

आम्ही ठरवले आहे: यंदाच्या वर्गणीतून आधी बिल, मग पुस्तके, उरले तर डीजे. अभ्यासिकेची किल्ली त्या मुलीकडे दिली आहे. तुमच्या वस्तीतली किल्ली कोणाकडे आहे, एकदा विचारून पाहा.

जय भीम!