बारापेडेचं छत

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या पश्चिमेला भीमगडचं जंगल आहे. इथे पडलेला पाऊस म्हादईच्या वाटेनं गोव्याला उतरतो, नाहीतर मलप्रभेबरोबर बंगालच्या उपसागराकडे निघतो. याच रानात, तळेवाडीजवळ, बारापेडेची गुहा. तिच्या छतातल्या भेगांत राहणाऱ्या एका वटवाघळाला १९१३ साली लंडनच्या ओल्डफील्ड थॉमस यांनी शास्त्रीय नाव दिलं, तेही रॉटन या निवृत्त वनाधिकाऱ्याच्या नावावरून. वटवाघळाला अर्थातच कुणी विचारलं नाही.

दिसायला हे वटवाघूळ देखणं आहे, असं माझं मत. गडद तपकिरी अंग, मानेमागे फिकट राखाडी छटा, मोठाले कान कपाळावरून पुढे नाकाडाकडे झुकलेले, आणि शेपूट पंखांच्या पडद्याबाहेर मोकळं. पंख लांब आणि अरुंद, म्हणजे झाडोऱ्यात गिरक्या घेण्यापेक्षा मोकळ्या आभाळात वेगानं किडे टिपण्यासाठी घडलेले. पिल्लू एका वेळी एकच. मशाल, धूर, सहलीचा गलबला यांनी एखादा हंगाम वाया गेला, तर तो भरून यायला वेळ लागतो.

जवळजवळ नव्वद वर्षं जगाच्या पाठीवर या प्राण्याचा हाच एक पत्ता ठाऊक होता. मग २००० च्या सुमारास ते कंबोडियात सापडलं, पाठोपाठ मेघालयातल्या गुहांत. बेळगाव ते कंबोडिया! मधली हजारो किलोमीटर नकाशावर कोरीच. प्राणी कुठे राहतो यापेक्षा माणसं कुठवर वाकून आत शिरली, हेच असे नकाशे जास्त सांगतात. मेघालयाच्या जयंतिया टेकड्यांत तर सिमेंटसाठी चुनखडक फोडला जातो; तिथे शोधणाऱ्याच्या आधी सुरुंग पोचू शकतो.

कायद्याचंही नवलच. वन्यजीव कायद्यानं याला पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंगतीला बसवलं आणि फळं खाणाऱ्या बहुतेक वटवाघळांना मात्र २०२२ ची दुरुस्ती होईपर्यंत उपद्रवी ठरवलं. भीमगड अभयारण्य झालं २०११ मध्ये. मी ती गुहा पाहिलेली नाही, पाहायला जाणारही नाही. माझ्या कुतूहलापायी त्या वटवाघळांची झोप कशाला मोडायची?

तळेवाडीच्या लोकांना जंगलाबाहेर हलवण्याचं बोलणं मात्र वर्षानुवर्षं चालत आलं. शंभर वर्षं वटवाघळांची ही वसाहत त्यांच्या शेजारी टिकली, हे त्या फायलीत कुणी लिहिलंय का, ते वाचायला मला आवडेल.