समुद्र नसलेल्या मुलखाचे बंदर

नोकरीनिमित्त आधी नांदेडला आणि मग लातूरला स्थायिक झालेल्या आम्हा मंडळींना वसईकडचे नातलग नेहमी म्हणतात, "तुमच्याकडे सगळे आहे, पण समुद्र नाही!" समुद्र नाही हे खरेच. परंतु या मुलखाचा माल एके काळी थेट भूमध्य समुद्रावरच्या बंदरात उतरत असे, हे सांगितले की ऐकणारा थबकतो.

ते बंदर अलेक्झांड्रियाचे. इ. स. पूर्व ३३१ मध्ये सिकंदराने इजिप्तच्या किनाऱ्यावर हे नगर वसवले. पुढे समोरचे फारोस बेट लांबलचक बांध घालून किनाऱ्याशी जोडण्यात आले आणि बांधाच्या दोन्ही अंगांना दोन बंदरे झाली. बेटावरचा दीपस्तंभ प्राचीन जगाच्या सात आश्चर्यांत गणला गेला. इजिप्तचा गहू येथूनच रोमला जाई. बंदिवान संत पौलाला इटलीकडे नेताना माल्टा बेटाशी फुटलेले गलबत अलेक्झांड्रियाचेच होते, हे 'प्रेषितांची कृत्ये' वाचणाऱ्यांना ठाऊक आहे.

लातूरच्या शेजारी, धाराशिव जिल्ह्यात, तेरणेकाठी तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव आहे. त्याचे प्राचीन नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासवर्णनात ते पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असल्याची नोंद आहे. तेथले जाडेभरडे कापड आणि तलम मलमल गाड्यांत लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोच बंदराला जाई. तेथून गलबतांनी तांबडा समुद्र, मग उंटांच्या पाठीवरून नाईल नदी आणि नदीच्या प्रवाहाबरोबर अलेक्झांड्रिया, असा तो प्रवास होता. कल्याणचे बंदरही त्या ग्रंथकाराला माहीत होते. परंतु राजकीय वैरामुळे तेथे आलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे तो लिहितो. राजांच्या अशा भांडणांचा भार अखेर बैलांच्या मानेवरच पडला असणार.

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी साम्य असलेली भारतीय मूर्ती १९३८ साली इटलीतील पाँपेई येथे, इ. स. ७९ च्या ज्वालामुखीने गाडलेल्या नगरात सापडली. मूर्ती उरल्या, त्या घडवणारे हात मात्र अनाम राहिले. ग्रंथकाराने मालाची यादी केली, पण माल विणणाऱ्या कोष्ट्याचे वा गाडीवानाचे नाव कोठेच नाही. त्यांतील कित्येकांनी समुद्र पाहिलाही नसेल. तरीही बंदर चालले ते त्यांच्याच भरवशावर.

मराठवाडा म्हणजे जगापासून दूर पडलेला प्रदेश, असे आपणच आपल्या मुलांना सांगत असतो. बंदर केवळ किनाऱ्यावरच्या धक्क्यापुरते असते, तर ते खरे ठरले असते. वास्तविक ते मागच्या वाटेवरच्या शेवटच्या घरापर्यंत पोहोचलेले असते.

एप्रिल २०१६ मध्ये हे आम्ही अनुभवले. लातूर कोरडे पडले होते. १२ एप्रिलला मिरजेहून दहा टाक्यांची पहिली आगगाडी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन आली, आणि पुढे कित्येक आठवडे अशा गाड्या येत राहिल्या. ज्यांच्या वाटणीचे ते पाणी होते, ते लोक आम्हांला ठाऊक नव्हते. त्यांनाही आमची नावे माहीत नव्हती. टँकरपुढे घागर घेऊन रांगेत उभे असताना आम्हांला तगरचे ते गाडीवान आठवत होते.